लाइनदोरी

भोरच्या शाळेतली माझी नोकरी टिकली ती एका मोटारसायकलच्या मागच्या चाकामुळे, आणि ते चाक सरळ राहिलं ते मिस्त्रीकाकांमुळे. माझ्या शिक्षणाचं, पगाराचं, आईच्या औषधपाण्याचं श्रेय ज्यांना ज्यांना जातं त्यांच्यात मी त्यांचं नाव फार वर घेते. घरात कुणाला ते वावगं वाटत नाही, कारण त्या दिवसांत आमचं घर कशावर चाललं होतं हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

बुलेट वडिलांची. १९७८ची, साडेतीनशे सीसी. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, म्हणजे आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. रास्ता पेठेतून संगमपुलावरून रोज खडकीला जायचे आणि यायचे. मिस्त्रीकाका त्याच खडकीत, ५१२ आर्मी बेस वर्कशॉपमध्ये फिटर. मूळचे खटाव तालुक्यातले. लहानपणी पुण्यात सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला राहिले, तिथून वर्कशॉपमध्ये लागले, आणि निवृत्तीनंतर मंगळवार पेठेत, जुन्या बाजाराच्या अंगाला, एक पत्र्याची शेड भाड्याने घेऊन बसले. वडिलांची गाडी त्यांच्याशिवाय कुणाच्या हाताला लागलेली नव्हती.

१९९६च्या पावसाळ्यात वडील गेले. मी नुकतीच बी.एड. झाले होते. घरी माणसं येऊ लागली तशी गाडीची चौकशीही येऊ लागली. बुलेटला तेव्हा मागणी होती आणि आम्हाला पैशांची गरज होती. तेरावा झाल्यावर मिस्त्रीकाका आले, चहा घेतला आणि आईला म्हणाले, "वहिनी, विकायची तर अवश्य विका. गिऱ्हाईक मी आणतो, भावही नीट मिळवून देतो. पण त्याच्या आधी या पोरीला थोडे दिवस माझ्याकडं पाठवा. गाडी समजली आणि तरी नको वाटली, तर विकताना जीव अडकणार नाही."

आईने मला पाठवलं. तिला त्या वेळी काय वाटलं असेल याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. नवरा गेलेला, पोरगी लग्नाची, आणि ती एका गॅरेजात निघाली आहे. पुण्यात मुली लूनावर आणि स्कूटरवर सर्रास हिंडत होत्या, त्यामुळे गाडी चालवण्याचं कुणाला नवल नव्हतं. गॅरेजात उकिडवं बसून काळे हात करणं ही गोष्ट मात्र वेगळी होती. आई एवढंच म्हणाली, "जुने कपडे घालून जा."

पहिल्या दिवशी काकांनी मला एकाही पान्याला हात लावू दिला नाही. गाडी मेन स्टँडवर चढवली, मागे एक पाट ठेवला आणि म्हणाले, "बस. हात पाठीमागं बांध. आता चेनकडं बघ आणि काय दिसतंय ते सांग."

मला चेन दिसत होती. दुसरं काही दिसत नव्हतं. तसं सांगितलं.

"मग अजून बघ."

ही त्यांची रीत शेवटपर्यंत राहिली. त्यांच्या मते हात लवकर पुढे गेला की डोळा मागे राहतो. मी बघत राहिले आणि ते एकेक विचारत गेले. चेन खालच्या बाजूला किती लोंबते? चाक थोडं फिरव, आता किती? अजून फिरव. तेव्हा लक्षात आलं की एकाच चेनची ढील एकेका जागी वेगळी होती. एका ठिकाणी ती चांगली सैल होती, आणि चाक अर्धं फिरल्यावर जवळजवळ ताठ. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून जिथे ती सगळ्यात ताठ असते ती जागा शोधायची आणि ढील तिथेच मोजायची. बुलेटला तिथे, खालच्या पट्ट्याच्या मध्यावर, वरखाली मिळून एक ते सव्वा इंच हालचाल हवी. सैल जागी मोजून ताणली तर ताठ जागी चेन तारेसारखी होते, आणि मग गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटमागचं बेअरिंग आणि चाकाचं बेअरिंग दोन्ही भोगतात.

चाक फिरवायचं ते हाताने, इंजिन बंद ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये. यात त्यांनी कधीही सवलत दिली नाही. त्यांच्या उजव्या तर्जनीचं टोक नव्हतं. गाडी स्टँडवर, इंजिन चालू, गिअर टाकलेला आणि हातात फडकं, असं चेन पुसताना ते गेलं होतं. हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, बोट समोर धरून. घाबरवायला नव्हे, कुठलीही मोजणी सांगावी तसं. मी पुढे शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांना ॲसिडच्या बाटल्यांबद्दल सांगताना तोच स्वर धरायचा प्रयत्न केला.

दातांकडे बघायलाही त्यांनीच शिकवलं. बुलेटचं मागचं स्प्रॉकेट म्हणजे ब्रेक ड्रमचाच भाग, अडतीस दात त्याच लोखंडात घडवलेले. ते दात एका बाजूने आकड्यासारखे वाकले की अख्खा ड्रम बदलायचा. पुढचं स्प्रॉकेट तर क्लचच्या मागे दडलेलं. ते बदलायचं म्हणजे प्रायमरी चेनची बाजू उघडून क्लच काढायचा. एका चेनकडे दुर्लक्ष केलं की एवढा खर्च आणि एवढा उपद्व्याप मागे लागतो, हे त्यांनी ड्रम पुढ्यात ठेवून दाखवलं. "आता दाताच्या बगला बघ," ते म्हणाले. दातांची एकच बगल चकचकीत झाली होती, दुसरी काळीच होती. म्हणजे चेन दातांवर सरळ न बसता एका अंगाला घासत चालली होती, म्हणजेच मागचं चाक पुढच्या चाकाच्या ओळीत नव्हतं. गाडी मला काही सांगते आहे आणि मला ते वाचता येतं आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. वडील गेल्यानंतर एखाद्या गोष्टीने मन पूर्ण व्यापून टाकलं अशी ती पहिली दुपार होती.

मग दोरी आली. काकांचे थोरले बंधू गवंडी होते. त्यांनी दिलेली पांढरी लाइनदोरी काका एका लाकडी फिरकीवर गुंडाळून ठेवायचे. भिंतीचा थर धरायची ती दोरी आमच्या गाडीच्या चाकांना लागली. मागच्या टायरच्या मागच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, स्टँडच्या आणि सायलेन्सरच्या खालून जाईल अशा बेताने दोरीचा मध्य अडकवायचा आणि दोन्ही पदर दोन्ही अंगांनी पुढे न्यायचे. पदर मागच्या टायरच्या पुढच्या कडेला नुसते शिवतील एवढेच आत घ्यायचे. एकाने हँडल सरळ धरायचं. जुन्या बुलेटला पुढचा आणि मागचा टायर एकाच मापाचा असतो, सव्वातीन बाय एकोणीस. म्हणून चाकं एका ओळीत असतील तर प्रत्येक पदर दोन्ही टायरांना चार ठिकाणी शिवतो. उजवा पदर पुढच्या चाकापासून लांबून गेला आणि डावा त्याला दाबू लागला, तर मागचं चाक उजवीकडे बघतं आहे असं समजायचं.

मला वाटलं होतं, खाचा मोजल्या की झालं. बुलेटच्या मागच्या ॲक्सलवर दोन्ही बाजूंना खाचांच्या चकत्या असतात. ॲक्सलचे नट सैल करून त्या चकत्या फिरवल्या की चाक मागे सरकतं आणि चेन ताठ होते. डावीकडे जितक्या खाचा तितक्याच उजवीकडे, इतकं ते सोपं असायला हवं. बहुतेक जण तसंच करतात. काकांचा खाचांवर भरवसा नव्हता. "खाचा कारखान्यात पाडल्या. त्याच्यानंतर गाडी रस्त्यावर पडली, उठली, वाकली. कारखान्याला ते कुठं ठाऊक?"

आमची गाडी खरोखरच पडलेली होती. माझ्या लहानपणी खंबाटकीच्या घाटात वडील घसरले होते. जबर लागलं नव्हतं, गाडीही वरवर धड होती. पण मागचं चाक धरणारा चिमटा अगदी किंचित पिळला गेला होता. डोळ्यांना ते दिसत नाही, दोरीला दिसतं. तेव्हापासून आमच्या गाडीला डावीकडे एक खाच जास्त लागते. दोन्हीकडे समान खाचा ठेवल्या तर ती तिरकी चालते. काकांनी हे वर्षानुवर्षं डोक्यात ठेवलं होतं आणि वडिलांना सांगितलं होतं. वडिलांनी ते आम्हाला कधी सांगितलं नाही, कारण आम्ही विचारलं नाही. ती एक खाच काकांनी मला सांगितली नसती, तर ती कुणालाच समजली नसती. गाडी विकली गेली असती आणि नव्या मालकाने दोन्हीकडे समान खाचा मोजून तिला वाकड्या वाटेला लावलं असतं.

त्यांची पद्धत सांगते, कारण ती मी आजही तशीच पाळते आणि तिच्यात मला कधी उणं आढळलं नाही. बुलेटची मागची चेन डाव्या अंगाला. डावी बाजू मागे घेतली की चाक वळतं आणि चेनही ताणली जाते, एका हालचालीत दोन गोष्टी होतात आणि शिकाऊ माणूस त्यात गोंधळतो. म्हणून चेनची ढील आधी डाव्या चकतीने जमवायची आणि तिला परत हात लावायचा नाही. मग दोरी लावायची आणि चाक उजव्या चकतीने सरळ करायचं. उजवी बाजू हलवल्याने डावीकडच्या चेनला फारसा फरक पडत नाही. त्यानंतर मागे उकिडवं बसून, डोळा चेनच्या पातळीला आणून, ती पुढच्या स्प्रॉकेटकडे सरळ जाते ना ते बघायचं. नट आवळताना ब्रेकवर कुणालातरी पाय द्यायला सांगायचं, म्हणजे ब्रेकची प्लेट ड्रममध्ये मधोमध बसते. नट आवळल्यावर ढील पुन्हा बघायची, कारण आवळताना चाक बारीकसं सरकतंच. आणि शेवटी ब्रेकचा रॉड. चाक मागे गेलं की रॉड ओढला जातो आणि लायनर ड्रमला घासत राहतात. चेन ताणून रॉडचा नट सैल करायला विसरलेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. चार-पाच मैलांत ड्रम असा तापतो की हात लावता येत नाही.

एवढं झाल्यावर काका मला गाडीवर बसायला सांगायचे आणि स्वतः चेनला बोट लावायचे. स्टँडवर बरोबर वाटणारी चेन माणूस बसल्यावर ताठ होऊ शकते. गाडी दबते, चिमटा वर येतो, आणि गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट, चिमट्याचा खिळा आणि चाकाचा ॲक्सल एका रेषेत आले की त्यांच्यातलं अंतर सगळ्यात जास्त होतं. हे मी पुढे आठवीच्या वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवलं. काकांनी ती आकृती कधी काढली नव्हती. त्यांना ते बोटाने ठाऊक होतं.

चेन "वाढते" असं सगळे म्हणतात. काका म्हणायचे, लोखंड वाढत नसतं. प्रत्येक कडीत एक पिन असते, पिनेभोवती बुश, बुशभोवती रोलर. पिन आणि बुश एकमेकांवर घासून केसभर झिजतात, अशा शंभरेक कड्यांचं केसभर मिळून बोटभर होतं. आमच्या चेनची एकेक कडी पाच अष्टमांश इंचाची. म्हणजे चोवीस कड्या ताणून धरल्या की नवी चेन पंधरा इंच भरते. ती पंधरा इंचांवर पाव इंचाहून जास्त गेली की नवीन आणायची. माप टेप नसेल तर मागच्या दातांवरून चेन बोटाने मागे ओढायची. अर्धा दात उघडा पडला तर समजून जायचं. बुश आणि रोलर असलेली ही चेन हान्स रेनोल्ड नावाच्या, स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या कारागिराने १८८० साली मँचेस्टरला काढली. हे मी कुठेतरी वाचलं आणि मोठ्या उत्साहाने काकांना सांगायला गेले. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यानं पिनपर्यंत तेल कसं जाईल म्हणून सांगितलंय?" त्यांना बाकी कशात रस नव्हता, कारण चेनचा जीव तिथेच असतो. ते चेन काढून रॉकेलमध्ये धुवायचे, वाळवायचे आणि मंद आचेवर पातळ केलेल्या ग्रीसमध्ये बुडवून ठेवायचे, म्हणजे ग्रीस पिनपर्यंत उतरतं. एरवी नव्वद नंबर तेल, तेही गाडी चालून आल्यावर, चेन गरम असताना. हल्लीच्या चेनमध्ये पिनेशी रबरी रिंग बसवून ग्रीस कारखान्यातच कोंडलेलं असतं, त्या चेन गरम ग्रीसमध्ये बुडवायच्या नसतात. आमच्या बुलेटच्या साध्या चेनला मात्र मी अजून तेच करते.

आणि चेनलॉकची क्लिप. तिचं बंद टोक चेन ज्या दिशेला धावते तिकडे, उघडं टोक मागे. वरच्या पट्ट्यात चेन इंजिनाकडे धावते, म्हणून वर आलेल्या क्लिपचं डोकं पुढे. "मासा डोकं पुढं करून पोहतो, शेपटी पुढं करून नाय," असं काकांनी एकदाच सांगितलं आणि ते पुन्हा सांगावं लागलं नाही.

नाना पेठेत ते मला बरोबर न्यायचे. पुण्यात गाड्यांचे सुटे भाग घ्यायचे तर नाना पेठ. एका गल्लीत बेअरिंग, दुसरीत केबल, तिसरीत सीट. दुकानदार मला ओळखू लागले ते त्यांच्यामुळे. रोलॉनची चेन की डायमंडची, यावर ते वाद घालत नसत, दोन्ही चांगल्याच म्हणायचे. पण जुन्या दातांवर नवी चेन चढवायला त्यांचा ठाम विरोध होता. "जुने दात नव्या चेनला पंधरा दिवसांत म्हातारी करतात." बुधवार-रविवारी जुन्या बाजारात फिरून त्यांनी माझ्यासाठी ब्रिटिश मापाचे पाने गोळा केले. जुन्या बुलेटचे बरेच नट व्हिटवर्थ मापाचे असतात; त्यांना मेट्रिक पाना बसल्यासारखा वाटतो आणि नटाचे कोपरे खाऊन टाकतो. ते पाने मी अजून वापरते.

गाडी अर्थातच विकली गेली नाही. पुढच्या जूनमध्ये मला भोरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली. भोरला राहायला जावं तर आई एकटी, आणि तिचे उपचार पुण्यात. एसटीच्या वेळा शाळेच्या वेळेशी जुळत नव्हत्या. मी बुलेटवर जाऊ लागले. स्वारगेट, कात्रज, जुन्या घाटातला बोगदा, खेड शिवापूर, कापूरहोळला उजवीकडे वळून भोर. पन्नासेक किलोमीटर जाणं आणि तितकंच येणं. भोरकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. आषाढात त्या रस्त्यावर चिखल, वाळू, खड्डे, आणि अंगावर येणारे ट्रक. ओल्या रस्त्यावर चाक जरा जरी ओळीबाहेर असेल तर गाडी सतत एका अंगाला ओढत राहते, हात भरून येतात आणि वळणावर मनात धाकधूक राहते. माझी गाडी ओढत नसे. ती मी सांगेन तिकडेच जायची. पहिल्या पावसाळ्यात मला वाटायचं की मी चांगली चालवते. मग एकदा दुसऱ्या कुणाची तिरकी चाललेली बुलेट थोडं अंतर चालवली आणि कळलं की मी कुणाच्या कामावर स्वार होऊन रोज घाट उतरत होते.

काका इंजिनाच्या कामाचे, लायनरचे, केबलचे पैसे घ्यायचे, आणि पूर्ण घ्यायचे. वडिलांची मैत्री मध्ये आणली नाही, ते मला आवडायचं. चेन ताणायचे आणि चाक ओळीत लावायचे पैसे मात्र त्यांनी कधी घेतले नाहीत, माझ्याकडूनही नाही आणि कुणाकडूनही नाही. "त्यात माझा माल काय गेला? नुसतं बघायचं तर असतं." मी पुढे गाडीचं हे काम स्वतःच करू लागले तरी महिन्यातून एकदा त्यांच्याकडे घेऊन जायची. ते बोट लावायचे, चालतंय म्हणायचे. एवढं ऐकायला मी वाट वाकडी करून जायची.

नुसतं बघायचं असतं हे त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटत नव्हतं. बघता येण्यासाठी त्यांनी आयुष्य घातलं होतं, आणि ते मला दुपारच्या दुपारी बसून दिलं. आपल्याकडे पितृऋण आणि ऋषिऋण वेगळी सांगितली आहेत. वडिलांचं ऋण मी गाडी न विकून काही फेडलं असेल तर असेल. हे दुसरं कसं फेडावं हे मला कळत नव्हतं. पैशांचं पाकीट त्यांनी परत केलं. सदऱ्याचं कापड नेलं ते काकूंकडून परत आलं. शेवटी एका सुगीला शाळेतल्या एका पालकांकडून आंबेमोहोर घेतला आणि पोतं मागच्या सीटला बांधून थेट खडकीला त्यांच्या घरी उतरवलं. काकांनी मूठभर तांदूळ हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाले, "हे चालतंय." मग दर वर्षी ते ठरूनच गेलं. खंडेनवमीला शेडमधले सगळे पाने धुऊन पुसून फळीवर मांडले जायचे, त्यांना हळदकुंकू, झेंडूची माळ. त्या दिवशी कुठलंच हत्यार चालवायचं नाही. माझ्या जुन्या बाजारातल्या पान्यांनाही काका त्यांच्या पान्यांच्या ओळीतच जागा द्यायचे. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझा गळा दाटून आला होता, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

शेड पुढे गेली, जागेवर इमारत झाली. काकांनी ऐंशी ओलांडली, मधुमेहाने नजर फार अधू झाली. आता ते खडकीच्या घरी ओसरीवर बसलेले असतात. मी गाडी नेते, ते चाचपडत चेनला हात लावतात. डोळ्यांनी बघायचा आग्रह ज्यांनी जन्मभर धरला त्यांना आता बोटांवर भागवावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं. ते स्वतः त्याबद्दल कधी बोलत नाहीत.

भोरची माझी एक विद्यार्थिनी औंधच्या सरकारी आयटीआयमधून मोटार मेकॅनिक झाली. शाळेच्या मैदानावर मी बुलेटची चेन काढून दात मोजायला लावायची, तेव्हा ती सगळ्यात पुढे असायची. कापूरहोळच्या रस्त्याला स्वतःचं छोटं गॅरेज काढायचं तिच्या मनात होतं. तिला मी काकांकडे घेऊन गेले. तिची गाडी म्हणजे चाकणची जुनी पल्सर, मागचा टायर पुढच्यापेक्षा रुंद. अशा गाडीला दोरी पुढच्या चाकाला शिवत नाही. दोन्ही बाजूंना फट राहते आणि ती फट सारखी हवी. काकांनी आतून फिरकी मागवली आणि तिला पाटावर बसवलं. "हात पाठीमागं. काय दिसतंय ते मला सांग. मला आता दिसत नाय, तर खरं सांग."

तिने दोरी लावली, दोन्ही फटी मोजल्या, डावीकडची थोडी जास्त भरली. मी ॲडजस्टरकडे हात नेला. ती म्हणाली, "बाई, थांबा. आधी चाक फिरवून परत मोजू. दोरी शिवते त्याच जागी टायर फुगलेला असला तर?"

काका ताठ बसले. "फिरव," म्हणाले.

चाक अर्धं फिरवून मोजलं तर फट बदलली. चाक ओळीत होतं, रिमला आउट होता, म्हणजे रिम लहरत फिरत होती. त्यांनी तिला खडू आणायला सांगितला. फिरत्या रिमजवळ खडू स्थिर धरला की आउट असेल तिथेच रेघ उमटते. सायकलच्या दुकानात शिकलेली ती पहिली विद्या त्यांनी तिला तिथेच दिली, तारा कुठल्या सैल करायच्या आणि कुठल्या आवळायच्या ते तिचं बोट धरून सांगितलं. दुपार तशीच गेली.

निघताना तिने विचारलं, "आजोबा, बाई म्हणतात तुम्ही या कामाचे पैसे घेत नव्हता. मीपण घ्यायचे नाहीत का?"

मला ते आधीपासून बोचत होतं. गाळ्याचं भाडं आणि घरच्यांचा विरोध अंगावर घेऊन नवं गॅरेज काढू पाहणाऱ्या मुलीने फुकट कामं करावीत असं मला वाटत नव्हतं, पण काकांच्या समोर ते कसं बोलावं हे सुचत नव्हतं.

"मला सरकारची पेन्शन होती," काका म्हणाले. "तुला आहे?"

"नाही."

"मग घे. आणि नीट घे. दोरी लावलीस तर दोरीचे वेगळे सांग. दोन मिनिटांत खाचा मोजून देणाऱ्याच्या भावात तू काम करायचं नाहीस."

"आणि बाईंच्या गाडीचे?"

काकांनी माझ्या दिशेला तोंड केलं. "बाईंकडून तांदूळ घेत जा. आंबेमोहोर. आणि वास घेऊन बघ, जुना तर नाय ना."